मागं उतरू नका

रक्त काढायच्या आधी संघमित्रा पेशंटला विचारायची, "काल संध्याकाळी काय जेवलात?" माणूस आठवायला लागायचा. आमटी होती, भाकरी होती, मंडळींनी वांगं केलं होतं. वांग्यापर्यंत येईतो सुई आत गेलेली असायची आणि नळी अर्धी भरलेली असायची. लहान पोरांना ती शाळेतल्या बाईंचं नाव विचारायची. अगदी म्हाताऱ्या माणसांना मात्र काहीच विचारायची नाही. त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बसायची आणि बोटाच्या टोकानं शीर चाचपत राहायची. "शीर दिसत न्हाय काका, लागती," असं तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "नव्या पोरी डोळ्यानं शोधतात, म्हणून दोनदा टोचतात."

भवानी पेठेजवळच्या एका खाजगी लॅबमध्ये आम्ही सहा वर्षं एकत्र काम केलं. ती रक्त काढायची, मी पलीकडच्या काउंटरवर रिपोर्ट टाइप करायचो. माझे वडील हातमागावर बसायचे, घरात आम्ही तेलुगू बोलतो, आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला आमच्या गल्लीतला मी पहिला. त्या इंग्रजीचा उपयोग जन्मभर 'हिमोग्लोबिन नॉर्मल' एवढं लिहिण्यापुरताच झाला. लॅबमध्ये सगळेच मला काका म्हणत. तिचं पूर्ण नाव संघमित्रा मारुती बनसोडे, पण तिला सगळे मित्रा म्हणायचे. आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. बुटकी, आवाज जरा घोगरा, केसांना नेहमी काळं रबर. सकाळी साडेसहाला यायची ती डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. दहा वाजता उपाशीपोटीचे पेशंट संपले की उभ्याउभ्याच भाकरी मोडून खायची.

तिच्या एका कानात इअरफोन असायचा. एकाच. दुसरा गळ्यात लोंबत राहायचा. मी एकदा म्हटलं, दोन्ही घालत जा की, नीट ऐकू येईल. ती म्हणाली, "एक कान मानसांसाठी लागतो."

चुकलेल्या रिपोर्टांचे पाठकोरे कागद मी टाकून द्यायचो. ते ती मागून घ्यायची. मला वाटलं, धाकट्या कुणाच्या अभ्यासाला नेत असेल. एकदा एक कागद माझ्या टेबलावर राहिला. पुढच्या बाजूला कुणाचं तरी थायरॉइड, मागच्या बाजूला तिच्या अक्षरात इंग्रजी शब्द, पण देवनागरीत, जसे कानावर पडले तसे उतरवलेले. अर्ध्या शब्दांपुढे प्रश्नचिन्हं. मी विचारलं तर लाजली नाही. मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"काका, ह्यात ह्यो पोरगा काय म्हनतोय, सांगाल?"

अमेरिकेतल्या काळ्या वस्तीतल्या एका पोराचं रॅप गाणं होतं ते. मी तोपर्यंत रॅप म्हणजे लग्नाच्या वरातीत वाजतो तो धिंगाणा समजत होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चार ओळींतले तीन शब्द मला कळले. तो पोरगा माझ्या पुस्तकातलं इंग्रजी बोलतच नव्हता. शब्दांची शेपटं खात होता, क्रियापदं वाटेल तशी वाकवत होता, आणि त्याला त्याची जराही लाज नव्हती. मी जवळजवळ आठवडाभर दुपारी ते गाणं ऐकलं, पुतण्याला विचारलं, आणि मग तिला अर्थ सांगितला. त्या पोराची आई त्याला शिकवते आहे. पोलिसांनी गाडी अडवली तर दोन्ही हात दिसतील असे ठेवायचे. खिशाकडे हात न्यायचा नाही. आवाज चढवायचा नाही. तुझी चूक नसली तरी. तू घरी परत यायला हवास, एवढंच मला हवं.

मित्रानं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला होता.

"आमच्या आईनंबी शिकवलंय की," ती म्हणाली. "कुनी आडनाव विचारलं तर गाव सांगायचं. 'कुठले तुमी?' 'माळशिरसकडचे.' आडनावापतूर जाऊच द्यायचं न्हाय."

मी म्हटलं, म्हणजे सगळीकडे सारखंच.

"न्हाय काका. सारखं न्हाय." तिनं भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "त्याला त्याचं कातडं झाकता येत न्हाय. मला आडनाव झाकता येतं. त्याचं दुःख त्याचं हाय, ते आपन घेऊ नये. बोलायची तऱ्हा तेवढी घ्यावी."

ती तऱ्हा तिनं किती बारकाईनं घेतली ते मला पुढच्या वर्षभरात दिसलं. ती अशी गाणी शोधून काढायची. कुठल्या शहरातल्या मुलीनं आपल्या शाळेवर केलेलं, कुणी आपल्या तुरुंगातल्या भावावर केलेलं. मी जमेल तसा अर्थ लावून द्यायचो. बहुतेक वेळा मी शब्दांत अडकायचो आणि ती आवाजावरून बरोबर ओळखायची की इथं हा चिडलाय, इथं हा स्वतःलाच हसतोय. एकदा म्हणाली, "काका, ही पोरं गल्लीचं नाव घेतात. बसचा नंबर सांगतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं नाव सांगतात. आपल्याकडं भाषनात नुसतं 'समाज, समाज' म्हनतात. समाज म्हनलं की कुनीच डोळ्यापुढं येत न्हाय."

आणि एकदा: "रडून सांगितलं की लोक रुमाल देतात. असं सांगितलं की थांबतात."

आमच्याकडे दर महिन्याला साखर तपासायला एक आजी यायच्या. चांगल्या घरच्या, नऊवारीतल्या, बोलक्या. मित्राचाच हात त्यांना चालायचा. एके दिवशी कापूस दाबून धरता धरता त्यांनी विचारलं, "पोरी, तुझा हात लई हलका बघ. आडनाव काय गं तुझं?"

मित्रानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं, "बनसोडे."

आजी "हं" म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरी मुलगी मागितली. त्या मुलीनं तीनदा टोचलं, हात काळानिळा झाला. त्याच्या पुढच्या महिन्यात आजींनी काउंटरवर येऊन हळू आवाजात मला सांगितलं, "त्या आधीच्या पोरीलाच बोलवा." मित्रा आली. समोर बसली. तिनं नेहमीसारखं विचारलं, "काल संध्याकाळी काय जेवलात आजी?" आजींनी मान खाली घालून हात पुढे केला. एका टोचण्यात काम झालं. आजी गेल्यावर मी म्हटलं, तू गाव सांगायचंस की त्या दिवशी. ती नळीवर लेबल लावत होती. म्हणाली, "त्या गान्यातल्या पोराला झाकता येत न्हाय. मला येतं, आन म्हनूनच मी झाकत न्हाय."

स्वतःच्या वडिलांबद्दल ती दोन वर्षं काही बोलली नव्हती. मला ऐकून माहीत होतं. मारुती बनसोडे महापालिकेत ड्रेनेजच्या कामावर होते. ती लॅबचा कोर्स करत असताना, भर दुपारी, एका तुंबलेल्या चेंबरमध्ये आधी लक्ष्मण नावाचा कामगार उतरला. त्याचा आवाज येईना. मारुती दोरी धरून त्याला काढायला उतरले. त्यांचाही येईना. तिसरे दादाराव कमरेला दोरी बांधून उतरले, पण अर्ध्यावरच भोवळ येऊन पडले, आणि जुनी दोरी तुटली. तिघेही गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळींची बातमी आली, गुदमरून तीन कामगार ठार. नावं नव्हती.

त्यावर तिनं गाणं केलं. नाव 'झाकण'. मला तिनं ते काउंटरपाशी उभं राहून, बोटांनी टेबलावर ठेका धरून ऐकवलं.

वर रस्ता डांबरी, खाली अंधार खोल,
मधी लोखंडी झाकण, त्याचं वजन बोल.
बाप माजा उतरला, दोरी होती जुनी,
वर उभी होती गल्ली, पुढं आलं न्हाय कुनी.
पेपरवाल्या दादा, तुजा कागद किती मोठा,
तीन नावं लिव्हायला झाला का रं तोटा?

त्यानंतर तिघांची नावं, बापाच्या नावासकट, घरच्या पत्त्यासकट. कुणाच्या घरी किती मुलं. कुणाला काय आवडायचं. लक्ष्मणला हिरवी मिरची तळून लागायची, दादाराव सायकलला रोज तेल द्यायचा. मी रिपोर्ट टाइप करायचं थांबलो होतो. गाणं संपलं. बाहेर एक पेशंट पावती घेऊन उभा होता, तो म्हणाला, "ताई, झालं का?" तेव्हा ती हातमोजे चढवत त्याच्याकडे गेली.

जयंतीच्या आठवड्यात तिच्या वस्तीत स्टेज घातलं होतं. रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांचं घर. मी पहिल्यांदाच तिकडे गेलो होतो, तिनं बोलावलं म्हणून. दुपारचे चार वाजलेले. डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्या लागल्या होत्या, पोरं नाचत होती, छातीत धडधड व्हावी असा आवाज. मित्रा कॉटनचा निळा पंजाबी ड्रेस घालून स्टेजवर चढली आणि डीजेवाल्याला हातानं खूण केली, बंद कर. पोरांनी आरडाओरडा केला. कुणीतरी "ए, डीजे लाव" म्हणून ओरडला. ती थांबली. आवाज कमी व्हायची वाट बघत नुसती उभी राहिली. मग माइक तोंडाजवळ नेऊन, बिनावाद्याचं, टाळी वाजवत सुरू केलं. माइकमधून टाळीचा आवाज चापटीसारखा येत होता. दुसऱ्या कडव्याला मागच्या बायका पुढे सरकल्या. तिनं लक्ष्मणचं नाव घेतलं तेव्हा गर्दीतून एक बाई मटकन खाली बसली. ती त्याची बायको होती. तिच्याभोवती चार बायका बसल्या. गाणं मात्र मित्रानं थांबवलं नाही. पोरं गप्प होती. ज्याला डीजे हवा होता तोही.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं, तिच्या भावानं यूट्यूबवर टाकलं, आणि दोन आठवड्यांत ते कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीत, अक्कलकोटच्या वाडीत, कुठं कुठं पोहोचलं. लॅबमध्ये येणारी कॉलेजची पोरं तिला ओळखायला लागली. "तुमीच की त्या?" म्हणायची. ती म्हणायची, "हात सरळ ठेव."

तिचा भाऊ आनंद तिच्याहून तीन वर्षांनी लहान, बी.कॉम. झालेला. वडिलांच्या जागी वारसाहक्कानं नोकरी मिळावी म्हणून त्याची फाइल खात्यात तीन वर्षं पडून होती. घर चालवायला आई चार घरची धुणीभांडी करायची. एका सकाळी लॅबमध्ये पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला. उपाशीपोटीची साखर तपासायची म्हणाला. मित्राच्याच खुर्चीत बसला आणि बाही वर करून हात पुढे केला. मी पडद्याच्या अलीकडेच होतो. तिनं जेवणाचं विचारलं, त्यावर तो म्हणाला, "जेवलो. तुमचं गाणं ऐकत जेवलो. चांगलं हाय." मग आवाज जराही न बदलता, "पन भावाची फाइल वर टेबलावर आलीय म्हनतात. अशात गाणंबिणं असलं की सायबांचं मन कलुषित होतं. तुमी शिकलेल्या हाय."

मित्राचा हात हलला नाही. नळी भरली, सुई काढली, कापूस ठेवला. "पाच मिनिटं दाबून धरा," ती म्हणाली. "रिपोर्ट सहा वाजता."

त्या आठवड्यात तिनं एका कानातही इअरफोन घातला नाही. शनिवारी तिनं मला सांगितलं की गाणं काढून टाकलं.

मला वाईट वाटलं, आणि मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, तू असं करायला नको होतंस. इतकी हिंमत करून शेवटी वाकलीस.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमचा मुलगा काय करतो?"

"पुण्याला कंपनीत आहे."

"मग तुमचं बरोबर हाय," ती म्हणाली आणि ट्यूबांचा ट्रे उचलून आत गेली. आयुष्यात पुष्कळ लोक मला अपमानाचं बोलले असतील, पण त्या एका वाक्याइतकं कुठलंच माझ्या लक्षात राहिलेलं नाही. त्यात राग नव्हता. ती खरंच म्हणत होती की माझं बरोबर आहे.

आनंदला नोकरी मिळाली. टेबलाचं काम मिळेल असं सगळेच म्हणत होते, बी.कॉम. आहे, अक्षर चांगलं आहे. ऑर्डर आली ती बापाच्याच जागेची. सफाई कामगार, ड्रेनेज. तिनं मला ऑर्डर वाचायला दिली, जणू एखादा शब्द तिनं चुकीचा वाचला असावा. मी दोनदा वाचली. मराठीतच होती.

"गानं काढलं," ती म्हणाली, "आन भावाला त्याच झाकनापाशी नेऊन उभा केला."

नंतर महिनाभर ती फक्त वाचत होती. डॉक्टरांच्या खोलीतली जाड पुस्तकं मागून घ्यायची. गटारातला वायू, तो रक्तात काय करतो, किती वेळात करतो. मला इंग्रजी शब्द विचारायची. एका दुपारी पुस्तकावरून मान वर करून म्हणाली, "काका, सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग एकदम येईनासा होतो. कामगार म्हनतात, गेला वास, चला आता. वास गेलेला नसतो. नाक मेलेलं असतं." तिनं पुस्तक मिटलं. "बापाला ह्ये कुनी सांगितलं न्हाय. वीस वर्सं नोकरी केली."

त्यातून दुसरं गाणं झालं. यातली भाषा साधी होती, पाठ करायला सोपी, ओळी आखूड. त्यात कुणाचं नाव नव्हतं, कुणावर आरोप नव्हता. त्यामुळे कुणी काढायला सांगेल असंही नव्हतं. एका रविवारी सकाळी तिनं मला घरी बोलावलं. पत्र्याचं घर, स्वच्छ सारवलेला ओटा, भिंतीवर मारुतीरावांचा निळ्या शर्टातला फोटो. आई चहा करत होती. आनंद ओट्यावर बसून बूट घासत होता. मित्रानं म्हणून दाखवलं.

सडका वास आला तर एक पाऊल मागं,
वास येईना झाला तर दहा पावलं मागं.
सायेब म्हनला उतर, त्याला म्हन लिहून दे,
मशीन हाय हपिसात, आधी ती येऊ दे.
गडी खाली पडला तर वरनं मार हाका,
सख्खा भाऊ असला तरी मागं उतरू नका.

आईनं गॅस बंद केला. कप भरलेच नाहीत.

"मागं उतरू नका?" ती म्हणाली. "म्हंजी तुज्या बापानं चूक केली व्हय?"

मित्रानं चहाचे रिकामे कप बाजूला सरकवले.

"लक्ष्मन त्याचा लहानपनापसनंचा गडी. त्याला तसाच सोडून वर उभा राहिला असता तर मीच त्याला घरात घेतला नसता." आईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "समदी वस्ती म्हनती, मारुती गड्यासाठी गेला. तेवढंच तर हाय माज्यापाशी. आन तू गान्यात सांगतीयास, उतरू नका."

आनंद बूट खाली ठेवून बहिणीकडे बघत होता. मी उठावं की बसावं मला कळेना.

"आई," मित्रा म्हणाली, "बाबा उतरले तवा लक्ष्मनकाका गेलेलेच होते. दोन श्वासात जातो मानूस. बाबांनी गेलेल्या मानसासाठी जीव दिला. त्यांना ठावं न्हवतं. चूक केली म्हनत न्हाय मी. ठावं असतं तर चूक म्हनले असते. आनंदाला आता ठावं हाय. त्यो उतरला तर ती चूक हुईल."

आईनं फोटोकडे पाहिलं. मग तिनं आनंदला विचारलं, "तुला पाठ झालं का?"

"झालं."

"म्हन."

त्यानं म्हटलं. एका ओळीवर अडखळला. आईनं ती ओळ त्याला सांगितली. तिला एकदाच ऐकून पाठ झाली होती.

पुढचं मला आनंदकडूनच कळत गेलं. हजेरीच्या शेडमध्ये सकाळी सगळे कामगार जमतात, तिथं तो ते म्हणायचा. सुरुवातीला मोठी माणसं हसली. "शाळा भरली रे," म्हणायची. मग कुणी ठेका धरायला लागलं. मग एकदा मुकादम स्वतःच गुणगुणताना सापडला. हे गाणं कधी यूट्यूबवर गेलं नाही. मित्रानं जाऊ दिलं नाही. ती म्हणायची, "ह्ये ऐकायचं न्हाय, म्हनायचं हाय." पहिलं गाणं मात्र तिच्या हातात राहिलेलं नव्हतं. तिनं काढलं तरी लोकांच्या मोबाइलमध्ये ते होतंच. कुर्डुवाडीच्या एका पोरानं त्यात आपल्या काकाचं नाव घातलेलं मी स्वतः ऐकलं. मी तिला सांगितलं तेव्हा तिनं त्या काकाचं नाव पुन्हा विचारून घेतलं आणि कागदावर लिहिलं.

त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झालो. निरोपाच्या दिवशी लॅबनं शाल दिली, मित्रानं पाठकोऱ्या कागदांचा एक शिवलेला गठ्ठा दिला. त्यात तिनं मी सांगितलेले सगळे इंग्रजी शब्द अर्थासह उतरवले होते. कुठे कुठे माझा अर्थ खोडून स्वतःचा लिहिला होता. बहुतेक ठिकाणी तिचाच बरोबर होता.

तिला मी शेवटचं पाहिलं ते रस्त्यावर. पेन्शनच्या कामासाठी बँकेत निघालो होतो. एका गल्लीच्या तोंडाशी गर्दी. ड्रेनेज तुंबून घाण पाणी घराघरांत शिरलं होतं, दारात बायका विटा रचत होत्या. चेंबरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं. नाकाला रुमाल लावून एक साहेब उभे होते आणि समोर निळ्या शर्टातले सहा कामगार. त्यांत आनंद.

"दहा मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणत होते. "मशीन दुसरीकडे आहे. लोकांचे हाल बघा जरा."

"लेखी द्या सायेब," आनंद म्हणाला.

"काय लेखी?"

"खाली उतरा म्हनून. सही करून द्या, उतरतो."

गल्लीतले लोक कामगारांवरच ओरडायला लागले. पगार घेता, काम करायला नको. कुणीतरी फार वाईट बोललं, जातीवरून. कामगारांत पन्नाशीचा एक माणूस होता, त्याला ते सहन झालं नाही. तो कमरेला दोरी बांधायला लागला. "व्हा बाजूला, मी जातो," म्हणाला. आनंदनं त्याचा हात धरला. तो हिसडा देत होता, आनंद सोडत नव्हता. मग दुसऱ्यानं दोरीचं दुसरं टोक उचललं आणि गुंडाळून आपल्या काखेत मारलं. तिसरा जाऊन चेंबरच्या आणि गर्दीच्या मधे उभा राहिला. कुणीही ते गाणं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

तेवढ्यात मित्रा आली. स्कूटीवरून, अंगात लॅबचा पांढरा एप्रन तसाच. भावानं फोन केला असावा. ती कुणाशी बोलली नाही. साहेबांशी नाही, ओरडणाऱ्यांशी नाही. एका घराच्या दारात पाण्यातून चालत गेली आणि तिथल्या म्हातारीला धरून वरच्या पायरीवर बसवलं. मग आणखी एका घरातलं सामान वर ठेवायला मदत केली. त्या घरातली बाई आधी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. ती गप्प झाली. मित्रानं मला पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा कामाला लागली.

मशीन यायला अडीच तास लागले. बँक बंद झाली असेल, पण माझा पाय निघेना. मशीनचा जाड पाइप चेंबरमध्ये सोडला, इंजिन सुरू झालं, आणि हळूहळू गल्लीतलं पाणी ओसरायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. त्या गल्लीबद्दल एक ओळही नव्हती. आनंदची मात्र महिन्याभरात लांबच्या झोनला बदली झाली. पुढे मित्राला लातूरला सरकारी दवाखान्यात नोकरी लागली, तिचा नंबर बदलला, आणि माझ्याकडून तो घ्यायचं राहिलं.

त्या दिवशी पाइप चेंबरमध्ये जाताना सगळे त्या पाइपाकडे आणि ओसरणाऱ्या पाण्याकडे बघत होते. मी मित्राकडे बघत होतो. ती गल्लीच्या तोंडाशी स्कूटीजवळ उभी होती, एप्रन गुडघ्यापर्यंत भिजलेला. तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. ती निळ्या शर्टांकडे बघत होती आणि बोट किंचित हलवत होती. मला आधी कळलं नाही. मग कळलं, ती माणसं मोजत होती. सहा. तिनं पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजली. सहाच. मग तिनं एप्रन पिळला, स्कूटी चालू केली आणि लॅबच्या दिशेनं गेली.